फेंगडी

आमच्या गुऱ्हाळाच्या पडवीत तीस वर्षं एक गाडी उभी होती. कोंबड्यांनी तिच्यात अंडी घातली, मांजरीनं मागच्या सीटखाली दोनदा पिलं दिली, आणि पोरांनी स्टेअरिंगशी खेळून हॉर्नचं बटण कधीच हरवून टाकलं होतं. पाहुणे यायचे, बघायचे आणि विचारायचे, "ही कसली म्हणायची? फियाट का?" मग घरातलं कुणीतरी सांगायचं, "फियाट नव्हे, हेराल्ड." समोरचा "बरं" म्हणायचा आणि विषय बदलायचा. ॲम्बॅसडर म्हटलं की माणसाला मंत्री आठवतो, फियाट म्हटलं की मुंबईची टॅक्सी. हेराल्ड म्हटल्यावर कुणाला काही आठवत नाही. या गाडीची खरी अडचण तीच होती.

गावात तिचं नाव 'फेंगडी'. ते कसं पडलं, ते सांगायचं तर गाडीच्या जन्मापासून सुरुवात करावी लागते.

स्वातंत्र्यानंतर सरकारनं ठरवलं, की नुसते परदेशी सुटे भाग आणून इथे गाड्या जोडणाऱ्यांना जागा नाही, गाडी इथेच बनवायची असेल त्यानं राहावं. १९५४ च्या सुमारास फोर्ड आणि जनरल मोटर्स इथून गेल्या. मोटारी बनवणाऱ्या मुख्य कंपन्या उरल्या तीन : बंगालात उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्स, मुंबईत कुर्ल्याला वालचंद हिराचंदांची प्रीमियर, आणि मद्रासला स्टँडर्ड. पहिलीची ॲम्बॅसडर, दुसरीची फियाट, आणि तिसरीची ही हेराल्ड.

हेराल्ड मूळची इंग्लंडची. तिथं ती 'ट्रायम्फ हेराल्ड' म्हणून १९५९ साली आली. रूप दिलं होतं इटलीतल्या तुरिनच्या जोव्हान्नी मिकेलोत्ती यांनी. त्या वेळी बाकीच्या मोटारी अंगाचा पत्रा हाच सांगाडा अशा एकसंध पद्धतीनं बनायला लागल्या होत्या. पण या कंपनीला असा सांगा बनवून देणारा कारखाना प्रतिस्पर्ध्याच्या हातात गेला होता. म्हणून त्यांनी जुनी वाट धरली. खाली लोखंडी चासी, आणि वर नटबोल्टनं बसवलेले बॉडीचे तुकडे. नाइलाजानं घेतलेला हा निर्णय साठ वर्षांनी आमच्या कामाला आला, तो कसा ते पुढे येईल.

मद्रासला ती १९६१ पासून 'स्टँडर्ड हेराल्ड' या नावानं बनायला लागली. इंजिन ९४८ सीसीचं. बॉनेट उघडायचं म्हणजे पुढची चिमणी, मडगार्ड, दिवे सगळं एकदम पुढे कलंडायचं आणि इंजिन तिन्ही बाजूंनी मोकळं व्हायचं. बैलगाडीच्या धुरीवर बसावं तसं मिस्त्री पुढच्या चाकावर बूड टेकून आरामात काम करायचा. आणि वळायची तर इतकी कमी जागेत, की पंचवीस फुटांच्या अंगणात तिचा पूर्ण फेरा व्हायचा. १९६८ च्या सुमारास मार्क थ्री आली. तिला चार दरवाजे. विलायतेत हेराल्डला दोनच दरवाजे असायचे, चार दरवाज्यांची ही फक्त आपल्या देशात झाली. आमची गाडी १९६९ ची, मार्क थ्री.

आता फेंगडेपणाचं. हिच्या मागच्या दोन्ही चाकांना सरळ एक दणकट आस नव्हता. मधे डिफरन्शियल, त्यातून दोन बाजूंना दोन दांडे, आणि ते दांडे पक्ष्याच्या पंखांसारखे वरखाली हलणारे. वर आडवी एकच पाट्यांची स्प्रिंग. विलायतेच्या डांबरी रस्त्यावर, दोन माणसं बसवून, ही रचना चांगली असेल. आमच्या आबांनी तिच्यात गूळ भरला.

आबा म्हणजे माझे आजोबा. शिरोळ तालुक्यात नदीकाठाला आमचं गाव. ऊस अर्धा कारखान्याला आणि अर्धा घरच्या गुऱ्हाळाला, अशी आबांची रीत. गूळ कोल्हापूरला शाहूपुरीच्या बाजारात जायचा. तीस किलोचा एक रवा. मागची सीट काढून सहा-सहा रवे टाकायचे, वर एक माणूस बसवायचा. एवढा भार पडला की पाटे सपाट व्हायचे, दांडे वर उचलायचे, आणि मागची दोन्ही चाकं खाली फाकून वरून आत झुकायची. पाठीमागून बघितलं तर ओझं घेतलेला फेंगड्या पायांचा हमाल चाललाय असं वाटायचं. पारावरच्या कुणीतरी एक दिवस म्हटलं, "आली बघा फेंगडी." तेव्हापासून तेच नाव.

आबांनी ती १९७४ साली मिरजेच्या एका डॉक्टरांकडून जुनी घेतली. नवी गाडी त्या काळी पैसे असले तरी मिळत नव्हती. फियाटसाठी नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. आदल्या वर्षी अरबांनी तेल वाढवलेलं, पेट्रोलचा दर भडकलेला, म्हणून जुन्या गाड्या लोक काढून टाकत होते. डॉक्टरांनी नऊ हजार सांगितले. आबांकडे गुळाचे सहा होते. उरलेल्या तीन हजारांसाठी त्यांनी ओढ्याकडचे आठ गुंठे विकले.

आठ गुंठे म्हणजे काही मोठी जमीन नव्हे. पण ती होती बांधाला लागून, आणि विहिरीची वाट तिच्यातून जायची. दादा, म्हणजे माझे वडील, तेव्हा तिशीत होते. त्यांना विचारलं नव्हतं. ज्यानं ती जमीन घेतली त्यानं पुढं वाट अडवली, दावा लागला आणि तो बारा वर्षं चालला. "एका मोटारीपायी वाट घालवली," हे वाक्य मी लहानपणी इतक्यांदा ऐकलं, की मला वाटायचं आमची वाट त्या गाडीनंच उचलून कुठंतरी नेली.

गाडीनं कामही केलं, हे सांगितलं पाहिजे. गावात तेव्हा दुसरी मोटार नव्हती. अडलेल्या बाया, विंचू-साप चावलेली माणसं, परीक्षेची पोरं, नवरा-नवरी, सगळ्यांना फेंगडीनं नेलं. माझा जन्म जयसिंगपूरच्या दवाखान्यात झाला, तो तिच्यामुळंच. आबा कुणाकडून पेट्रोलचे पैसे घेत नसत. त्यावरूनही दादांचं आणि त्यांचं वाजायचं.

१९८३ च्या दिवाळीत ते झालं. दादा गाडी चालवत होते, शेजारी आजी. कारखान्याच्या फाट्यावर वळण घेताना पुढचं डावं चाक एकदम आडवं पडलं, गाडी नाक खुपसून चरीत गेली. आजीचं मनगट मोडलं. ते पुढं नीट जुळलं नाही. तिला मरेपर्यंत त्या हातानं भाकरी थापता आली नाही.

आबा म्हणाले, "गाडी आवरत न्हाई तर जोरात हाणायची कशाला?"

दादा म्हणाले, "मी वळवत हुतो आबा, हाणत न्हवतो. गाडीच तसली हाय. तुमचा हट्ट हाय ह्यो, गाडी न्हवं."

एवढंच बोलणं. पण त्यानंतर दादा त्या गाडीत कधी बसले नाहीत, आणि आबांशी कामापुरतंच बोलले. आबांनी चाक दुरुस्त करून घेतलं, आणखी सात-आठ वर्षं एकट्यानं गाडी चालवली. १९९१ ला घरात जुनी मारुती आली आणि फेंगडी पडवीत गेली. १९९६ ला आबा गेले. गाडी विकायचं नाव कुणी काढलं नाही. प्रेम होतं म्हणून नव्हे. विकायचं म्हटलं की आठ गुंठ्यांचा विषय निघणार, आणि तो कुणालाच नको होता.

मग पाणी आलं. २००५ च्या पुरात चाकं बुडाली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये टपावरून पाणी गेलं, आठ दिवस गाडी दिसलीच नाही. २०२१ ला पुन्हा सीटपर्यंत. तिसऱ्या पुराचा गाळ काढताना भंगारवाला दारात आला. म्हणाला, "साडेसातशे-आठशे किलो भरंल. अठरा हजार देतो, उचलून बी मीच नेतो." मी होय म्हणणार होतो. तोंडातून शब्द निघाला नाही. चार दिवसांनी सांगतो म्हटलं.

त्या चार दिवसांत मी कोल्हापूरला उद्यमनगरात गेलो. शिवाजी उद्यमनगर म्हणजे लेथ, ओतकाम आणि इंजिनांचं माहेरघर. तिथं एका बोळात सत्तरीचे एक मिस्त्री सापडले, ज्यांनी तरुणपणी हेराल्ड उघडल्या होत्या. ते गावात येऊन गाडी बघून गेले. गाडीखाली घोंगडं टाकून आडवे झाले, हातोडीनं चासी ठोकत गेले. टण् आवाज आला की पुढं, भद् आवाज आला की खडूची खूण. बाहेर आल्यावर म्हणाले, "मालक, कणा शाबूत हाय. बाजूचे हात कुजल्यात. दुसरी गाडी असती तर मी भंगारात घाला म्हटलं असतं."

विलायतेतला तो नाइलाज इथं कामाला आला. अंगाचा पत्रा हाच सांगाडा असता, तर तीन पुरांनी खाल्लेल्या गाडीत जीव उरला नसता. इथं बॉडी तुकड्यातुकड्यांनी सोडवता येत होती आणि चासी वेगळी दुरुस्त करता येत होती.

पण खर्च? मिस्त्रींनी दोन लाख सांगितले. वर म्हणाले, "आणि मालक, पूर्ण झाल्यावर इकायला गेलासा तर तेवढं बी कुणी देणार न्हाई. फियाटला गिऱ्हाईक हाय, हिला न्हाई."

यात त्यांचं काही चुकत नव्हतं. हौशी लोक पैसे घालतात ते रुबाबासाठी किंवा आठवणीसाठी. रुबाबाला विलायती मोठ्या गाड्या आहेत. आठवणीला फियाट आहे, कारण पद्मिनी म्हणून ती कुर्ल्यात पार विसावं शतक संपेपर्यंत बनत होती, आणि मुंबईत टॅक्सी म्हणून २०२३ पर्यंत धावली. त्यामुळे तिचा सामान स्वस्त आणि हाताशी. स्टँडर्डचं तसं नाही. हेराल्डनंतर त्यांनी गझेल आणली, तिला मागे सरळ आस घातला, म्हणजे फेंगडेपणा कंपनीलाही कळला होता. १९७७ ला गझेल बंद झाली. १९८५ ला 'स्टँडर्ड २०००' नावाची मोठी गाडी काढून कंपनीनं शेवटचा डाव टाकला, तोही तीनेक वर्षांत आटोपला. तेव्हापासून हिच्या मागे कुणी उभं नाही.

इंजिनाचे आणि पुढच्या चाकांचे भाग मात्र मिळतात, कारण विलायतेत ट्रायम्फवाले हौशी अजून टिकून आहेत आणि त्याच जातीचं इंजिन त्यांच्या स्पिटफायर नावाच्या गाडीतही होतं. मागवायचे, जकात भरायची. पण मागचे दोन दरवाजे आणि त्यांच्या काचांची रबरं जगात कुठंच नवी मिळत नाहीत, कारण चार दरवाज्यांची हेराल्ड तिकडं झालीच नाही.

एकानं सोपी वाट सुचवली : आत मारुतीचं इंजिन टाका, पन्नास हजारांत पळायला लागेल. असं पुष्कळांनी केलंय. पण २०२१ साली केंद्र सरकारनं पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळा नियम काढला. त्यात गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल चालत नाही. नव्यानं नोंदणी करायची तर वीस हजार, पुढं नूतनीकरणाला पाच, आणि आधीची नोंद असेल तर जुना नंबर राहतो. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच. मला ती रॅलीत मिरवायची नव्हती. पण आत मारुतीचं काळीज घातलेली फेंगडी ही फेंगडी राहिली नसती, हेही खरं.

घरात विषय काढला. आमचं घर पुरात तीनदा बुडालेलं. जोतं उंचवून मागं एक वरची खोली बांधायची, असं आमचं ठरलेलं होतं. बायको म्हणाली, "अहो, परत पाणी आलं तर गाडीवर बसायचं का आम्ही?" या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं आणि आजही नाही. दादा ऐंशीच्या पुढं. त्यांनी ऐकलं, पानाची चंची उघडली आणि म्हणाले, "तुझा पैसा हाय. मला इचारू नकोस. मलाबी कुणी इचारलं न्हवतं."

खरं तर तिथंच थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. २०२२ च्या पाडव्याला गाडी ट्रॉलीवर चढवून उद्यमनगरात नेली.

तीन महिन्यांनी मिस्त्रींचा फोन आला. "येऊन जावा, एक चीज दावायची हाय." गेलो. त्यांनी पुढचं उजवं चाक उतरवलं होतं. या गाडीत पुढचं चाक ज्या उभ्या खुंटावर फिरतं, त्याचं खालचं टोक आटे पाडून पितळेसारख्या धातूच्या ठोकळ्यात बसवलेलं असतं. त्याला ट्रनियन म्हणतात. स्टेअरिंग फिरवलं की खुंट त्या आट्यांत फिरतो. कंपनीचा नियम असा, की त्यात ग्रीस नव्हे, गिअरचं पातळ तेल भरायचं. मिस्त्रींनी ठोकळा उघडून दाखवला. आत वाळलेलं, खडूसारखं झालेलं ग्रीस, आणि खाली जिथं ग्रीस पोचलंच नाही तिथं खुंट गंजून निम्मा झालेला.

"समद्या गाड्यांना ग्रीस, म्हणून हिलाबी ग्रीसच मारत आले सगळे. मीसुद्धा मारलं असंल त्या काळी," मिस्त्री म्हणाले. "घट्ट ग्रीस खाली उतरत न्हाई, पाणी मात्र उतरतं. आटे झिजतात आणि एक दिवस खुंट कडाकडा मोडतो. कधी मोडतो सांगू? जोरात जाताना न्हाई. हळू वळवताना. स्टेअरिंग पुरतं फिरवलं की."

मी विचारलं, "आणि डावं चाक?"

"डावं बदललेलं हाय, जुनं काम. कधीतरी मोडलं असणार."

मी कधी मोडलं ते त्यांना सांगितलं. त्यांनी चहा मागवला.

घरी येऊन दादांना सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी विचारलं, "हळू वळवताना मोडतो म्हणाला?" मी होय म्हटलं. "मग आबा म्हणत हुते ती गाडी चांगली हुती, ते बी खरं, आणि मी म्हणत हुतो मी हाणत न्हवतो, ते बी खरं." मग बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "तुझ्या आजीला सांगाय पायजे हुतं."

आता हिशेब मांडतो, कारण वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या पडवीत अशी एखादी उभी असेल. नेण्या-आणण्याचे साडेचार हजार. पत्राकाम आणि चासीचे हात ब्याण्णव हजार. रंग पंचावन्न. इंजिन अडुसष्ट. पुढची चाकं आणि ब्रेक, विलायतेहून आलेल्या सामानासह, एक्केचाळीस. पाच टायर अठरा. वायरिंग चौदा. सीट आणि रबरं साडेसत्तावीस. एकूण ३ लाख २० हजार. मिस्त्रींनी सांगितलेल्यापेक्षा एक लाख वीस हजार जास्त, आणि एका वर्षाऐवजी दोन वर्षं. आमच्याकडच्या दरानं हे शंभर टनांहून जास्त उसाचे पैसे झाले. गाडी पुरी झाल्यावर पुण्याच्या एका हौशी माणसानं येऊन पावणेदोन लाख सांगितले, तेही घासाघीस करून वाढवलेले.

म्हणजे पैशाच्या हिशेबानं हा धंदा तोट्याचा. यात 'पण' घालायला जागा नाही. पुढं कधीतरी भाव येईल म्हणून अशा गाडीत पैसे घालू नयेत. ज्या गाडीला तरुण असताना गिऱ्हाईक नव्हतं, तिला म्हातारपणी एकदम येईल हे क्वचित. करायचंच असेल तर चार गोष्टी बघाव्यात : चासी शाबूत आहे का, दिवे-दरवाजे-काचा जागेवर आहेत का, कागद आहेत का, आणि त्या गाडीचं काम केलेला एखादा तरी मिस्त्री जिवंत आहे का. यातली एक गोष्ट नसली तरी अठरा हजार घ्यावेत आणि मोकळं व्हावं. चकाकीच्या मागं लागू नये. आम्ही क्रोमचं काम केलंच नाही, आणि मागच्या दरवाज्यांना ट्रकच्या काचेचं रबर कापून बसवलंय. पावसात तिथून अजून पाणी गळतं.

आणि पाचवी गोष्ट. कशासाठी करतोय ते स्वतःला विचारावं. मी करायला घेतली तेव्हा मला वाटत होतं, आबांसाठी करतोय. त्यांचं एक काम लोकांनी खुळेपणात काढलं होतं, ते शहाणपणाचं होतं असं मला दाखवायचं होतं. ते काही दाखवता आलं नाही. आठ गुंठे गेले ते गेलेच, वाट गेली ती गेलीच. गाडी आमच्या रस्त्यांसाठी नव्हती, हेही खरं ठरलं. फक्त चाळीस वर्षं दोन माणसांनी एकमेकांवर ठेवलेला एक आरोप ग्रीसचा निघाला. तो पत्रा न उघडता कळला नसता. त्याचे तीन लाख जास्त झाले की कमी, ते मला ठरवता येत नाही. बायको म्हणते, जास्त झाले. वरची खोली दोन वर्षं लांबली, त्याअर्थी तिचं म्हणणं बरोबर आहे.

जुलै २०२४ ला पंचगंगेनं पुन्हा धोक्याची पातळी ओलांडली. गावात दवंडी झाली तशी आम्ही आवराआवर सुरू केली. ट्रॅक्टर शेजाऱ्यांची जनावरं न्यायला गेलेला. बायकोनं जोंधळ्याची पोती दाराशी आणली आणि म्हणाली, "काढा तुमची ती." मागची सीट उपसून चार पोती टाकली, वर गाद्या. दादा काठी टेकत आले, पुढचा दरवाजा उघडून बसले. एक्केचाळीस वर्षांनी.

मी हळू गिअर टाकला. मागून पोरगा ओरडला, "पप्पा, चाकं बघा की, फाकल्यात!"

दादा म्हणाले, "फाकू दे. वळवताना तेवढं सावकाश."